पुंजारामाचं हालवणं

पातूरच्या आसपासच्या गावांत पुंजारामासारखा झाड हालवणारा माणूस नव्हता. चिंचेच्या फांदीवर दोन्ही पाय रोवून तो ती अशी हालवी, की पिकलेले आकडे सडासडा खाली येत आणि कच्चे जागच्या जागी राहत. बाकीचे लोक बांबूनं झोडपून झाडाची पार दशा करून टाकत. पुंजाराम डहाळी न मोडता झाड रिकामं करी. म्हणून चिंचेचा आणि कवठाचा हंगाम आला की बागवान आधी त्याच्या दारात येत. बायकोशी दोन शब्द धड न बोलणारा हा माणूस झाडाशी मात्र फार समजुतीनं वागतो, अशी गावात त्याची थट्टा चाले. थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती.

चौसष्ट सालच्या माघात तो चिंचेवरून पडला. फांदी आतून किडलेली निघाली आणि उजवी नडगी मोडली. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, एरंडाचा पाला गुंडाळला आणि सव्वा महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावून तो गेला. बागवान दोनचार दिवस हळहळले आणि मग त्यांनी झोडपणारे लोक लावले.

त्याची बायको वच्छला हरभरा उपटायला जाऊ लागली. हरभरा उपटायचा तो भल्या सकाळी, दवात. ऊन चढलं की घाटे फुटून दाणे मातीत जातात. मग दिवसभर पेंढ्या खळ्यावर वाहायच्या. दवाबरोबर हरभऱ्याची आंब हाताला लागते आणि बोटांची सालं निघतात. घरी आल्यावर तिला पदराची गाठही सोडता येत नसे. पण हातांचं दुखणं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. तिला घोर होता तो अडीच महिन्यांच्या दिगंबराचा.

"घेऊन जाय ना त्याले सोबत," पहिल्या दिवशी पुंजाराम म्हणाला.

"कुठी ठेवू? उन्हात?"

शेत नाल्यापलीकडंच होतं, दोन हाकांवर. पण त्या शेतात सावली होती ती एका चिंचेची.

"चिंच हाय ना तठी," पुंजाराम म्हणाला खरा, पण म्हणताना त्याचा आवाज खाली गेला.

"एक डाव पाजलं ना म्या चिंचेखाली," वच्छला म्हणाली. "आता नाई ठेवत. तुमी घरीच असता, पाहा मंग त्याले. बकरीचं दूध हाय. बोंडल्यानं पाजा."

तिनं पदर कमरेला खोचला आणि ती निघाली. पुढच्या बोळात कुणाच्या तरी परसातल्या चिंचेची एक फांदी रस्त्यावर आली होती. वच्छला तेवढ्यापुरती रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली आणि मग पुन्हा सरळ चालू लागली. पुंजाराम खाटेवरून ते पाहत होता. दोन वर्षं तो ते पाहत आला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांना सुभद्रा नावाची मुलगी होती, तीन महिन्यांची. निंदणाचे दिवस होते. वच्छलानं भर दुपारी तिला त्या शेतातल्या चिंचेखाली बसून पाजलं, घरी आणून पाळण्यात घातलं आणि ती परत कामाला गेली. तिन्हीसांजेला पोरीला झटके येऊ लागले, डोळे वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुंजारामाच्या आईनं हंबरडा फोडला तोच मुळी "बारा वाजता चिंचेखाली पाजलं वं इनं!" असं म्हणत. माणिकबाई सुईणीनं तेच सांगितलं. मग गावानं तेच सांगितलं, आणि शेवटी वच्छलाही तेच म्हणू लागली. सासू गेल्या साली वारली, पण तो बोल मागं ठेवून गेली.

खरं काय ते एकट्या पुंजारामाला ठाऊक होतं. त्या सकाळी कोयता हरवला म्हणून मुकादमानं चारचौघांत त्याच्या कानफटात दिली होती. नंतर कोयता मुकादमाच्याच खोपीत सापडला आणि कुणी काही बोललं नाही. पुंजाराम घरी आला तेव्हा वच्छला नुकतीच शेताकडं गेली होती, आई दळण घेऊन बाहेर पडली होती आणि पोरगी रडत होती. पाळणा हालवला, राहीना. उचललं, राहीना. त्यानं तिला दोन्ही बगलांत धरलं, तोंडासमोर आणलं, आणि "चूप! चूप!" असं ओरडत गदागदा हालवलं. किती वेळ, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. फांदी हालवायला लागतो त्याहून जास्त नाही. पोरीची मान मागंपुढं गेली आणि ती एकदम गप्प झाली. पुंजारामाला वाटलं, निजली. त्याला बरंही वाटलं. ते बरं वाटणंच त्याला पुढं फार दिवस खात राहिलं.

आता दिगंबर पाळण्यात हातपाय हालवत होता आणि बाप खाटेवर बसून देवाकडं एवढंच मागत होता, की आज हे रडू नये.

पण लेकरू ते! ऊन अंगणात आलं आणि त्यानं सूर धरला. पुंजारामानं एका पायानं सरकत जाऊन दूध पाजलं. अर्धं सांडलं. ओलं फडकं बदललं. पाळण्याची दोरी ओढली. पोरगं लालबुंद होऊन किंचाळायला लागलं. गुडघ्यावर घेऊन थोपटलं, तर ते कमान करून उलटं जाऊ लागलं. मग त्यानं त्याला बगलांत धरून वर उचललं, आणि आपल्या हातांची पकड त्याला कळली. ती जुनीच पकड होती.

त्यानं पोराला पाळण्यात ठेवलं, दुपटं नीट केलं आणि ढुंगणावर सरकत, मोडका पाय ओढत तो उंबऱ्याबाहेर आला. अंगणात भिंतीशी कडब्याच्या पेंढीत कवठं पिकायला घातली होती, शिवरात्रीसाठी. तिथं जाऊन तो बसला. हात मांड्यांखाली दाबून धरले. आत पोरगं रडत होतं आणि बाहेर हा बसून होता, आणि त्याला एवढं कळत होतं की सध्या त्याच्या हातांपेक्षा पाळणा बरा.

नेमकी तेवढ्यात माणिकबाई आली. जुन्या वळणाची बाई, निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. तिचा शब्द आळीत कुणी खाली पडू देत नसे.

"काहून रे पुंज्या, पोट्टं आत मरून रायलं अन् तू उन्हं खात बसला? बाप हायस का कोन?"

"महा पाय..." पुंजाराम पुटपुटला.

"पाय मोडला तुहा, हात तं नाई ना मोडले!"

तिनं आत जाऊन पोराला खांद्यावर टाकलं, फेऱ्या मारल्या, आणि घटकाभरानं ते आपलं आपण निजलं. जाताना तिनं पुंजारामाकडं पाहून मान हालवली. दुपारपर्यंत विहिरीवर आणि संध्याकाळपर्यंत हरभऱ्याच्या शेतात सगळ्यांना ते कळलं होतं. वच्छला घरी आली ती रागातच.

"पोराले हात लावाले तुमाले काय होते?" तिनं चुलीशी बसून विचारलं. "जन्मल्यापासून पाहून रायली मी. दुरूनच पाहता. मह्यावर राग हाय का? पयलीचा?"

पुंजाराम म्हणाला, "नाई वं." तिच्यावर राग! त्याला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण तो नुसता खाटेची सुतळी उकलत बसला.

त्यानंतर आठ दिवस असंच चाललं. पोरगं रडे, तो आधी करायचं ते सगळं करी, आणि हात तापले की त्याला पाळण्यात ठेवून अंगणात येऊन बसे. आळीतल्या बाया येताजाता हसत. तो खाली मान घालून एकेक कवठ कानाशी नेई आणि हालवून पाही. कच्च्या कवठाचा गर कवटीला धरून असतो, आवाज येत नाही. पिकलं की गर सुटतो आणि आत धप् धप् वाजतो. पिकलेलं तो वेगळं ठेवी. तेवढंच काम त्याच्या हातांना उरलं होतं.

शिवरात्रीच्या दोन दिवस आधी नर्सबाई आल्या. आशाबाई त्यांचं नाव. हिवरखेडकडच्या. बापानं धर्म बदलला त्या साली पोरीचं लग्न मोडून तिला पुढं शिकायला घातलं, आणि ती नागपूरला राहून नर्स होऊन आली. वर्षभरापासून गावोगाव फिरून त्या बायांना चार गोष्टी सांगत. गावात बसायला जागा म्हणजे मारुतीचा पार, पण तिथं आशाबाईंनी बसणं काही लोकांना पटेना. कुणी उघड बोललं नाही. पारावर जोंधळा वाळत घातलाय, एवढंच म्हणाले. जोंधळा खरोखरच घातला होता, त्याच सकाळी.

"आमच्या अंगणात या, बाई," वच्छला म्हणाली.

दुपारी दहाबारा बाया जमल्या. हरभऱ्यावरून आलेल्या, हातांना खोबरेल चोपडलेल्या. पोरगं रडलं की बाप अंगणात पळतो, आठ दिवस झाले, हे त्यांनी आल्याआल्या हसत आशाबाईंना सांगितलं. माणिकबाई पुढं बसली आणि आशाबाई जवळ आल्या तसा तिनं आपला पाण्याचा गडवा पदराखाली घेतला. आशाबाईंनी ते पाहिलं, पिशवी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. पुंजाराम कडब्याजवळ होता, त्याला उठून जायला पायच नव्हता.

बाईंनी नाळेचं सांगितलं, ब्लेड उकळण्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "आता महत्त्वाची गोष्ट. मूल कितीही रडलं तरी त्याला हलवू नका. लहान मुलाला हलवणं फार धोक्याचं आहे. त्यानं मूल दगावू शकतं."

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. कोपऱ्यातली एक म्हणाली, "हालवाचं नाई? मंग निजीन कसं ते?"

"पाळणाई हालवाचा नाई?"

"झोयीबी नाई हालवाची?"

"मंग नागपूरची लेकरं उभ्यानंच निजत असतीन!" माणिकबाई म्हणाली, आणि हशा पिकला. आशाबाईंचा चेहरा उतरला. त्या 'पाळणा नव्हे, पाळणा नव्हे' म्हणत राहिल्या, पण शिकताना तोंडात बसलेली ती भाषा त्यांना सोडवेना, आणि हसणाऱ्या बायांना कोण थांबवणार? दोघीतिघी लुगडं झटकून उठायला लागल्या.

"आयका," माणिकबाई हात वर करून म्हणाली. "चार विसा वर्सं झाली मले, पाळणा हालवल्यानं एक लेकरू मेलेलं नाई पायलं. लेकरू जाते ते नजरेनं जाते, नाई तं चिंचेखाली पाजल्यानं जाते. वच्छलीले इचारा. सोन्यावानी पोट्टी होती."

हशा थांबला. साऱ्यांनी वच्छलाकडं पाहिलं. ती दिगंबराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान खाली घातली आणि पोराच्या अंगावरचा पदर उगाचच सारखा केला. तिला हे नवं नव्हतं. मार खाऊन खाऊन गुराला व्हावी तशी सवय झाली होती तिला त्या बोलाची, आणि ते पाहणं पुंजारामाला इतकी वर्षं सोसलं होतं. त्या दुपारी मात्र सोसलं नाही.

"बाई," तो म्हणाला. बायांच्या बैठकीत पुरुषाचा आवाज आला तशा साऱ्या वळल्या. "बाई, लेकराच्या डोक्यात काय असते? कच्चं का सुटं?"

आशाबाईंना आधी प्रश्न कळला नाही. मग त्यांनी त्याच्या हातातलं कवठ पाहिलं. त्याबरोबर त्यांची भाषाही बदलली. "सुटं असते, दादा," त्या म्हणाल्या. "आपल्यासारखं भरलं नसते. अन् मानेत ताकद नसते. आपुन त्याले धरून हालवलं का आतला मेंदू कवटीवर आदयते. बारीक शिरा तुटतात. वरून खरचटबी दिसत नाई. मी शिकताना दवाखान्यात तीन लेकरं पायली, तिघांचेबी बाप म्हनत, काई केलं नाई, आपोआप झालं."

पुंजारामानं माणिकबाईपुढं हात लांब केला. "काकी, कान द्या."

त्यानं कवठ तिच्या कानाशी धरून हळू हालवलं, पाळणा हालवतात तसं. "आवाज येते?"

"नाई."

मग त्यानं ते दोन्ही हातांत धरलं आणि गदागदा हालवलं. आतला गर धप् धप् धप् वाजला. सगळ्या अंगणात तो आवाज ऐकू गेला.

"बाई पाळण्याचं नाई सांगून रायल्या," तो म्हणाला. "ह्या हालवण्याचं सांगून रायल्या. झाड हालवतो आपुन, त्या हालवण्याचं." त्यानं कवठ मातीत ठेवलं. "सुभीले म्या हालवलं. अशीच धरून. मुकादमानं मारलं त्या दिवशी. रडून रायली होती, अन् मंग चूप झाली. मले वाटलं, निजली. चिंचेनं काई नाई केलं, काकी. वच्छलीनं काई नाई केलं."

माणिकबाईनं तोंडाला पदर लावला. एक कोंबडी मधून गेली, तिला कुणी हाकललं नाही. वच्छला उठली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पोराला छातीशी धरून ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

आशाबाईंनीच शेवटी पुढं सांगितलं, आता आपल्या बोलीत. लेकरू दोनतीन महिन्यांचं होईतोवर लई रडते, कारण नसतानाबी रडते, मंग कमी होते. पोट पाहा, ओलं पाहा, ताप पाहा. तरीबी राहिलं नाई अन् आपला जीव तापला, तं त्याले पाळण्यात पाठीवर ठेवा अन् बाहेर जा. पाणी प्या. शेजारणीले हाक मारा. रडल्यानं लेकरू मरत नाई. "अन् हे दादा आठ दिवस अंगणात येऊन बसले म्हनून तुमी हासल्या ना? तेच बरोबर होतं." मग त्या पुंजारामाजवळ आल्या. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि त्या त्याला हव्याही होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हे तुमी दुसऱ्या बापांले सांगा. मह्याजवय बाप येत नाईत."

जाताना माणिकबाईनं पदराखालचा गडवा काढला आणि न बोलता आशाबाईंपुढं ठेवला. आशाबाई पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलानं भाकर बांधली, जुनं लुगडं काखोटीला मारलं आणि दिगंबराला उचललं.

"कुठी नेतं त्याले?" पुंजारामानं विचारलं.

ती उंबऱ्यात थांबली. कालपासूनचं तिचं पहिलं बोलणं होतं ते. "दोन वर्सं मी उन्हातून चालली," ती म्हणाली. "तुमी पाहून रायले होते."

ती गेली. बोळातली फांदी आली तेव्हा ती बाजूला झाली नाही, सरळ तिच्या खालून गेली.

कोवळं ऊन पडेपर्यंत तो खाटेवर होता. मग कान टवकारून बसला. नाल्यापलीकडून बारीक रडणं येत होतं. थांबे, आणि पुन्हा येई. हाडवैद्याचा सव्वा महिना त्यानं गुंडाळून ठेवला, दाराचा अडसर काठीसारखा घेतला आणि निघाला. अर्धं अंतर काठीवर, उरलेलं नाल्यातून बसत सरकत. शेतात पोचला तेव्हा मोडक्या पायात कळा मारत होत्या आणि अंगावर सगळी माती झाली होती.

चिंचेच्या खालच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली होती. पोरगं तिच्यात रडत होतं. वच्छला पंचवीस पावलांवर हरभरा उपटत होती, हात चिकट, उपटायच्या ओळीची पात धरलेली, आणि मुकादम बांधावर उभा. तिनं पुंजारामाला पाहिलं आणि ती उभी राहिली. हातातली पेंढी तशीच. तिथून ती हालली नाही, आली नाही आणि जा असंही म्हणाली नाही.

पुंजाराम झाडाच्या बुंध्याशी टेकून बसला. त्याचा हात झोळीपर्यंत गेला आणि मध्येच थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. मुकादम ओरडला, "काय पाहून रायली वं?" पण वच्छलानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिची नजर नवऱ्याच्या हातावर होती.

पोरगं रडतच होतं.

"हालवा," वच्छला शेतातून म्हणाली. "हयूहयू."

पुंजारामानं एका बोटानं झोळी हालवली. वच्छला खाली वाकली नाही. झोळी किती हालते ते ती पाहत राहिली.